किल्ली कोणाच्या हातीं?

प्रत्येक काळाची स्वतःची अशी एक निरक्षरता असते. आमच्या आजोबांच्या काळीं ती कागदावरच्या अक्षरांची होती; आज ती हातांतल्या मोबाइलच्या पडद्याची आहे. ज्यास वाचतां येत नसे तो पूर्वीं गांवांतल्या वाचणाऱ्याकडे जाई. आज ज्यास खातें उघडतां येत नाहीं, परवलीचा शब्द आठवत नाहीं, किंवा बँकेच्या संदेशाचा अर्थ लागत नाहीं, तो समजणाऱ्याकडे जातो. यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. ताप आला असतां वैद्याकडे जाण्यास कोणी लाजत नाहीं. अडचण निराळीच आहे. मदत करणाऱ्याचें ज्ञान काम झालें कीं लगेच कळतें. त्याचा प्रामाणिकपणा मात्र पुष्कळदां पैसे गेल्यावरच कळतो. यास्तव मदत कोठें मागावी, आणि ती मागतांना स्वतःजवळ काय राखून ठेवावें, या प्रश्नाचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनीं मिळून केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

सोलापूर जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला, व ती आग आसपासच्या गांवांत आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे व खतें बाहेर ओढून त्यांची होळी करण्यांत आली. असें कां व्हावें? कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे तें ज्याच्या नांवानें लिहिलें त्यासच वाचतां येत नसे. सावकार सांगे, लेखनिक लिही, आणि कूळ विश्वासानें खालीं अंगठा किंवा नांगराची निशाणी करी. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतहि या लिहिणाऱ्या हातांच्या लबाडीवर त्यांनीं कडक प्रहार केले आहेत.

सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमिला, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला त्यांत पुणें, सातारा व अहमदनगर यांबरोबर आमचें सोलापूरहि होतें. त्या कायद्यांतील दोन गोष्टी आजहि मननीय आहेत. शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिले जावेत व त्यानें ते साक्षांकित करावेत, ही एक; आणि फेडलेल्या पैशाची पावती व दरवर्षीं हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास असावा, ही दुसरी. कायद्यानें शेतकऱ्यास एका दिवसांत साक्षर केलें नाहीं. तें कोणत्याहि कायद्यास शक्य नाहीं. त्यानें एवढेंच केलें कीं, मदत चार लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावी व तिचा पुरावा अडाण्याच्या हातांत राहावा. विश्वास ठेवूं नका असें त्यानें सांगितलें नाहीं. विश्वासास साक्षीदार जोडून दिला.

आतां दीडशें वर्षें ओलांडून आजच्या सोलापुराकडे पाहूं. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर व शिलाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या हजारों माता या शहरांत आहेत. कोणाच्या घरीं तेलुगु बोलतात, कोणाच्या कन्नड, कोणाच्या उर्दू. बँकेचा संदेश मात्र बहुधा इंग्रजींत येतो. २०२४ च्या ऑगस्टपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये पात्र स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊं लागले. पुढें सप्टेंबर २०२५ मध्यें या सर्व भगिनींनीं आपली ओळख संगणकाद्वारें पुन्हां पटवून द्यावी, असा सरकारी हुकूम निघाला. त्यासाठीं तिच्या आधारशीं जोडलेल्या मोबाइलवर एक सांकेतिक आंकडा येई. तिच्या पतीच्या किंवा पित्याच्या आधारशीं जोडलेल्या मोबाइलवर दुसरा. हे आंकडे योग्य जागीं भरले म्हणजे काम होई. सर्वत्र सेवा केंद्रांपुढें रांगा लागल्या, यंत्रणा वारंवार अडूं लागली, आणि तेवढ्यांत त्याच योजनेच्या नांवाचीं बनावट संकेतस्थळेंहि निघालीं. त्यांपासून सावध राहण्याचा इशारा सरकारास द्यावा लागला.

त्या रांगांतील किती स्त्रियांस आपण सांगितलेला तो सहा अंकांचा आंकडा म्हणजे काय हें ठाऊक होतें? आमच्या मतें तो आंकडा म्हणजे आजचा अंगठा होय. १८७५ च्या कुळाप्रमाणेंच तीहि न वाचलेल्या कागदावर निशाणी करीत होती. समोरचा माणूस सज्जन असेल तर तिचें काम झालें. नसेल तर तिनें कशास संमति दिली हें तिला कळण्याचा मार्गच नव्हता. आणि खरा अंगठाहि कांहीं मागें पडलेला नाहीं. आधारच्या यंत्रावर बोट ठेवून पैसे काढतांना ‘पहिला ठसा उमटला नाहीं, पुन्हां लावा’ असें सांगून दुसऱ्यांदा रक्कम काढणारे महाभाग आहेतच. म्हणून अशा वेळीं प्रत्येक ठशामागें पावती मागावी, ही १८७९ ची शिकवण आजहि जशीच्या तशी लागू आहे.

तर मग खरी मदत ओळखावी कशी? आमच्या विचारें तिचीं तीन लक्षणें आहेत.

पहिलें लक्षण असें कीं, खऱ्या मदतनीसाकडे आपण जातों. तो आपण होऊन येत नाहीं. ‘तुमचें खातें आज रात्रीं बंद होणार, लगेच माहिती द्या’ असा दूरध्वनि ज्याचा येतो तो बँकेचा मनुष्य नव्हे, असें निःशंक समजावें. घाई हें चोराचें आवडतें हत्यार आहे. परंतु याहून सूक्ष्म असा एक सापळा आहे, आणि त्यांत मदत शोधणाराच सांपडतो. पैसे अडकले म्हणून घाबरलेला गृहस्थ मोबाइलवर बँकेचा मदत क्रमांक शोधतो. जो क्रमांक वर दिसेल तो लावतो. आणि तो क्रमांक ठगानेंच तेथें पेरलेला असतो. मग तो गोड बोलणारा ‘अधिकारी’ एक ॲप उतरवून घेण्यास सांगतो, ज्यायोगें आपल्या मोबाइलचा सारा पडदा त्याला दिसूं लागतो. अशा ॲपविषयीं रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांस सावध केलें होतें. यास्तव क्रमांक घ्यावयाचा तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा; सर्वांत उत्तम म्हणजे स्वतः शाखेंत जावें. बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असें रिझर्व्ह बँकेनें फर्माविलें होतें, व सरकारी पत्ते ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ अशा अक्षरांनीं संपतात. पत्त्याचें शेपूट पाहण्याची एवढी संवय जरी लागली तरी पुष्कळ संकटें टळतील. मेंढवाडा, त्याचें दार आणि चोर यांचा दाखला आमच्या शाळेंतील मुलांस परिचित आहे. त्याचा व्यवहारांतला अर्थ एवढाच कीं, माणूस कोण आहे हें त्याच्या गोड शब्दांवरून ठरवूं नये; तो कोणत्या वाटेनें आला तें पाहावें. हल्लीं तर यंत्राच्या साहाय्यानें ओळखीच्या माणसाचा आवाजहि हुबेहूब काढतां येतो. म्हणून मुलाच्या आवाजांत पैशाची मागणी आली तरी फोन ठेवून, मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर आपण होऊन त्यास विचारावें.

दुसरें लक्षण असें कीं, खरा मदतनीस कुलूप दुरुस्त करून देतो, किल्ली मागत नाहीं. बँकेचा खरा अधिकारी आपला पिन किंवा पासवर्ड कधींहि विचारीत नाहीं; त्यास त्याची गरजच नसते. जो विचारतो त्यास तो देणें म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय. मोबाइलवरून पैशाची देवघेव करण्याची जी यूपीआय पद्धति २०१६ पासून आपल्या देशांत आहे, तिच्यांतील एक गोष्ट घरांतील प्रत्येकानें पाठच करावी: पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं, तो देण्यासाठीं लागतो. ‘तुम्हांला पैसे पाठवितों, पिन टाका’ असें जो म्हणतो तो घेणारा आहे. त्याचप्रमाणें बँकेकडून येणाऱ्या सांकेतिक आंकड्याच्या संदेशांत तो आंकडा कशासाठीं व बहुधा किती रकमेसाठीं आहे हें लिहिलेलें असतें. आंकडा सांगण्यापूर्वीं संदेश वाचवून घ्यावा, आणि तोहि आंकडा मागणाऱ्याकडून नव्हे, दुसऱ्या कोणाकडून.

तिसरें लक्षण असें कीं, खऱ्या मदतीला पत्ता असतो. जेथें माणूस उद्यां पुन्हां सांपडेल, दराचें पत्रक दाखवील, पैशाची पावती देईल व काय केलें तें आपल्या भाषेंत सांगेल, तेथेंच जावें. बँकेची शाखा, टपाल कचेरी, मान्यताप्राप्त सेवा केंद्र, शाळेंतील संगणकाचे शिक्षक, ओळखीचा दुकानदार हे अशा पैकीं होत. काम संपल्यावर दुकानांतील संगणकावरून आपलें खातें बंद करून घ्यावें, आणि आधारची प्रत तेथें राहिली असेल तर ती पुसून टाकण्यास सांगावें. प्रामाणिक माणसास या गोष्टींचा राग येत नाहीं.

परवलीच्या शब्दाविषयींहि येथें थोडें सांगणें अवश्य आहे, कारण निम्म्या अडचणी तो विसरण्यांतूनच उत्पन्न होतात. पूर्वीं छावणीच्या पहारेकऱ्यास परवलीचा शब्द सांगितल्यावांचून रात्रीं आंत जातां येत नसे. आजचा पासवर्ड तोच. तो मुलाचें नांव व जन्मसाल जोडून केला तर शेजाऱ्यासहि ओळखतां येईल. आणि नाना चिन्हें घालून केला तर स्वतःसच आठवणार नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २०१७ सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत शब्दाच्या अवघडपणापेक्षां त्याच्या लांबीस महत्त्व दिलें, आणि कारणावांचून तो दर महिना-दोन महिन्यांनीं बदलावयास लावण्याची चाल सोडून द्यावी असें सुचविलें. चादर, सायकल, पावसाळा, चटणी असे एकमेकांशीं संबंध नसलेले चार शब्द सलग लिहिले तर परका सहज ओळखणार नाहीं व आपण विसरणार नाहीं. हे चार मात्र आतां छापले गेले, तेव्हां वाचकांनीं आपले निराळे निवडावेत! बँकेचा शब्द व ई-पत्राचा शब्द एकच नसावा. कारण ई-पत्राची किल्ली ज्याच्या हातीं गेली त्यास बाकीच्या सर्व किल्ल्या नव्यानें घडवून घेतां येतात. आठवत नसेल तर वहींत लिहून ती वही घरच्या कपाटांत दागिन्यांपाशीं ठेवावी. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. दूर देशींचा चोर आपलें कपाट उघडूं शकत नाहीं. बँकेचा पिन मात्र ध्यानांतच ठेवावा. मोबाइलचा क्रमांक बदलणार असाल तर आधीं बँकेंत व आधारमध्यें तो बदलून घ्या. बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणास मिळूं शकतो, आणि मग आपले सांकेतिक आंकडे त्याच्या हातीं पडतात.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. पुष्कळ पालक म्हणतील, ‘आम्हांस बाहेर जाण्याची गरजच काय? आमची आठवींतली मुलगी सर्व करते. पिन तिलाच ठाऊक.’ हें ते कौतुकानें सांगतात, आणि त्या कौतुकांत आम्हीहि सहभागी आहों. मुलांची ही चपळाई पाहून कोणास आनंद होणार नाहीं? तथापि आमचें मत स्पष्ट आहे: मुलानें आईस मदत करावी, आईची किल्ली सांभाळूं नये.

यांत मुलांच्या नीतीविषयीं शंका घेण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर घरच्या तिजोरीचा भार ठेवणें हा त्याच्यावरहि अन्याय आहे. खेळांत गुंग असतां आलेली एखादी लबाड लिंक त्यानें उघडली, आणि घरची पुंजी गेली, तर तें मूल तो डाग जन्मभर मनांत वागवील. दुसरें असें कीं, तीच मुलगी चार वर्षांनीं शिक्षणासाठीं पुण्यास जाईल. त्या दिवशीं आई पुन्हां दुसऱ्याच्या दारांत उभी राहील. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या बाईनें जन्मभर घाम गाळला तिच्या स्वतःच्या नांवानें कदाचित् प्रथमच खातें निघालें आहे. पैसे तिच्या नांवानें, आणि किल्ली मात्र मुलाच्या, नवऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या हातीं, असें असेल तर तें खातें तिचें म्हणावें कसें? आपल्या खात्यांत किती शिल्लक आहे हें दुसऱ्यास विचारावें लागणें ही लहानशी गोष्ट नव्हे. घरांत नवा लेखनिक निर्माण करून जुनी निरक्षरता तशीच ठेवली, तर आपण १८७५ पासून फारसें पुढें आलों असें म्हणतां येणार नाहीं.

मग मुलांनीं काय करावें? आम्ही एकच नियम सुचवितों: हात पाठीमागें ठेवावेत. आई विचारील तेव्हां शेजारीं बसावें, कोठें बोट लावावयाचें तें सांगावें, पण बोट तिचेंच लागूं द्यावें. पिन टाकण्याची वेळ आली कीं तोंड फिरवावें. तिला एका वेळीं एकच गोष्ट शिकवावी. आज शिल्लक पाहणें, पुढील आठवड्यांत आलेला संदेश वाचणें. अक्षरें इंग्रजी असतील तर त्यांचा अर्थ घरच्या भाषेंत वहींत लिहून द्यावा. यास वेळ लागेल. स्वतः केलें असतें तर अर्ध्या मिनिटांत झालें असतें, हें खरें. परंतु तुम्ही पहिलीच्या वर्गांत ‘अ’ गिरवीत होतां, तेव्हां तुमच्या हातांतली पेन्सिल हिसकावून घेऊन कोणी आपणच ‘अ’ काढून दिला असता, तर आज हें पान तुम्हांस वाचतां आलें असतें काय? १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हां गांवांतील लिहितां-वाचतां येणाऱ्यांनींच प्रौढांस अक्षरओळख करून दिली. त्यांनीं दुसऱ्यांच्या सह्या केल्या नाहींत. सही करावयास शिकविलें. मदत आणि उपकार यांतला भेद हाच. चांगल्या शोमरोन्यानें जखमी वाटसरूची शुश्रूषा केली, सराईंत त्याची सोय लावली, आणि पुढील वाट धरली. त्या बदल्यांत त्यानें त्याच्यावर कसलीहि सत्ता मागितली नाहीं.

शाळांनाहि यांत कर्तव्य आहे. संगणकाची खोली शनिवारीं दुपारीं तासभर पालकांसाठीं उघडावी. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं, वरील नियम पाळून, त्यांच्या शंका सोडवाव्यात. यास फारसा खर्च नाहीं. चार लोकांदेखत मिळणारी मदत ही १८७९ च्या निबंधकाच्या ओटीवरील मदतीसारखीच निर्भय असते. आणि आपल्याचसारखे दुसरेहि अडले आहेत हें पाहून अडलेल्याचा संकोच निम्मा होतो.

इतकें करूनहि कोणी फसलाच, तर? येथें आम्ही घरांतील तरुणांस हात जोडून विनंति करतों कीं, त्यास रागावूं नका. बँकांचीं यंत्रेंहि फसलीं आहेत. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेंतून ठगांनीं सुमारें ९४ कोटी रुपये नेले. मग एखाद्या आजोबांस मूर्ख ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? ज्या घरांत बोलणीं बसतात त्या घरांत फसलेला गप्प बसतो, आणि त्याचें गप्प बसणें हेंच चोराचें भांडवल असतें. अशा वेळीं प्रत्येक मिनिट मोलाचें आहे. १९३० या क्रमांकावर सरकारी सायबर मदत केंद्रास ताबडतोब कळवावें, म्हणजे रक्कम वाटेंतच अडविण्याचा प्रयत्न होऊं शकतो. लगोलग बँकेस कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणानें पैसे गेले तरी त्यानें बँकेस खबर दिल्यानंतर जें नुकसान होईल तें बँकेनें सोसावें. आणि दोष ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल व बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत खबर दिली असेल, तर ग्राहकावर भार पडूं नये. म्हणजे लवकर बोलणें यांतच हित आहे. तो १९३० चा आंकडा दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारीं आजच लिहून ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, शाळेनें तुम्हांस जें ज्ञान दिलें त्याची कसोटी परीक्षेच्या निकालपत्रकावर लागते, असें तुम्हांस वाटत असेल. तिची दुसरीहि एक कसोटी आहे. या सुट्टींत घरीं गेल्यावर आईच्या शेजारीं बसा, हात पाठीमागें ठेवा, आणि तिला स्वतःच्या बोटांनीं स्वतःचें खातें उघडतांना पाहा. तुम्हांस ठाऊक असलेला तिचा जुना पिन तिला बदलावयास सांगा; आणि नवा कोणता ठेविला तें विचारूं नका.